तापीकाठचा रावस

फेब्रुवारीतला रविवार, सकाळची वेळ. ठिकाण : हतनूर धरणाचं बॅकवॉटर, सावद्याच्या बाजूचा काठ. हजर : मी, माझे काका, ज्यांना सगळं सावदा नाना म्हणतं, काकू, म्हणजे आमच्या अक्का, आणि नानांचे दोस्त रफिकभाई, ज्यांचं मोटारपंप दुरुस्तीचं दुकान आहे. चौघांनीही एकच गोष्ट पाहिली. हे आधीच लिहिते, कारण असल्या गोष्टींना मी आजवर दारातही उभं केलेलं नाही. जळगावात शाळेचं ऑफिस सांभाळते. ज्याची नोंद नाही ते घडलंच नाही, असा माझा खाक्या.

नानांची केळीची बाग आहे आणि नाद आहे समुद्राच्या मासेमारीचा... खानदेशात! त्यांचे जावई दीपकराव रत्नागिरीला असतात. त्यांनी नानांना एक रॉड, रीळ आणि ल्यूर दिलं होतं. ल्यूर म्हणजे गळ लावलेला प्लास्टिकचा खोटा मासा. किनाऱ्यावरून तो लांब फेकायचा, ओढत आणायचा. खरा समजून रावस धरतो. झालं! नाना गळ काढून ते ल्यूर केळीच्या दोन ओळींमधून फेकायला लागले. पानाला धक्का लागला की फेक बाद. अंतर मोजायचं केळीच्या खांबांत. "आज बारा खांब गेलं!" असं फोनवर सांगायचे. जावई दर वेळी विचारायचे, "नाना, केळीला रावस लागला का?"

यंदा रत्नागिरीला जायचं पक्कं केलं. तिकिटं, औषधं, टोप्या, शिवाय गोड्या पाण्याची बाटली — समुद्रावरून आलं की आधी रीळ धुवायचं, नाहीतर खारं पाणी त्याला खातं, हे नानांना पाठ होतं. सगळी तयारी झाली आणि डॉक्टरांनी नानांचा लांबचा प्रवास कायमचा बंद केला.

 नाना बागेत जायचे थांबले. मग एक दिवस मला म्हणाले, "रॉड रफिकले देऊन टाक. मले आता कायले पाहिजे?"

त्या आवाजाची मला भीती वाटली. म्हटलं, द्यायच्या आधी एकदा पाण्यात तर टाकू. समुद्र नाही तर तापी.

काठावर नाना ल्यूरला पुन्हा गळ लावायला लागले आणि रफिकभाईंनी सुरुवात केलीच. "नाना, इथं कटला भेटेल, लई झालं तर मरळ. समुद्राचा मासा काय एसटीनं येईल?"

"तू गप रे भो. फेक पाह्य फक्त."

फेक मात्र देखणी होती. एक, दोन, तीन... सगळ्या रिकाम्या. नानांचे खांदे उतरत चालले. तेवढ्यात वारा फिरला. रफिकभाई नाक वर करून म्हणाले, "बाजारात बोंबील उतरले का?" मलाही वास आला. पण बोंबलाचा नव्हता. ओला, खारा, मोकळा... मी कोकणात एकदा घेतलेला.

आणि दोरा ताठ झाला. रिळातून सरसर धावायला लागला. रॉड कमानीसारखा वाकला. रफिकभाईंनी मागून नानांची कंबर धरली.

"सोडा हो ते! छातीत दुखंल!" अक्का ओरडल्या.

"दुखू दे! हा गेला त मी गेलो!"

नाना मागे सरत, पुढे जात, दात-ओठ खात ओढत होते. शेवटी चिखलात हातभर लांबीचं चांदीसारखं काहीतरी आपटलं. गळ्याखाली मिशांसारखे बारीक पांढरे दोरे. रफिकभाई त्याच्याजवळ उकिडवे बसले. "असा मासा तापीत मी नाही पाहिला," म्हणाले.

मी दीपकरावांना व्हिडिओ कॉल लावला. ते बघतच राहिले. "नाना, हा रावस आहे! कुठल्या बीचवर आहात? डॉक्टरांना विचारलंत का?"

"तापीवर हाये, जावईबापू."

"शक्यच नाही!"

नानांनी मासा फोनसमोर उंच धरला. "केळीले रावस लागला म्हना!" असे हसले की, समोरच्या काठावरून बगळे उडाले.

मी मासा बर्फात ठेवून कुणा जाणकाराला दाखवणार होते. मी बर्फ आणायला गेले, तोवर अक्कांनी तो चिरून काळ्या मसाल्याच्या रश्शात टाकला होता. घरात आलेला मासा त्याच जेवणाला शिजला पाहिजे, हा त्यांचा नियम. दुसरा नियम असा की, नानांच्या बीपीमुळे भाजी अळणीच करायची. ज्यानं त्यानं वाटीतलं मीठ घ्यायचं. त्या दिवशी मिठाच्या वाटीला कुणीच हात लावला नाही. जेवण संपत आल्यावर ते माझ्या लक्षात आलं.

"अक्का, मीठ टाकलं होतं?"

"नही बाई. देवाशप्पथ."

मी मागाहून माहिती काढली. समुद्राच्या आणि आमच्या मध्ये गुजरातेत उकाई धरण आहे, वर हतनूरची भिंत. मासा ती चढत नाही. रावसाचं बीज इथे कुणी सोडत नाही. दीपकरावांच्या ओळखीच्या कोळ्यांनी फोटो पाहून रावसच सांगितला, पण तापीत कसा, ते त्यांनाही सांगता आलं नाही. मलाही येत नाही.

नाना पुन्हा रोज बागेत असतात. जावयांनी पाठवलेल्या नव्या रिळावर परवा चौदा खांब गेलं म्हणे. रॉडकडे कुणी नुसतं पाहिलं तरी चालत नाही.

एकच काम राहिलंय. त्या दुपारी नाना म्हणाले होते, "पोरी, रीळ गोड्या पाण्यानं धू." मी हसले, "नाना, तापीचंच तर पाणी, धुवायचं काय?" आणि ते तसंच कपाटात ठेवलं. पुढच्या रविवारी काढलं तर रिळाच्या दांड्यावर पांढरा थर. बोटावर घेऊन जिभेला लावला. मीठ.

धुवायला हवं, नाहीतर रीळ जाईल. बाटली भरून शेजारी ठेवली आहे. अजून हात होत नाही.