मुखवटेवाल्याचं वजन

आमच्या जिन्यातल्या पत्त्यांचा एक किस्सा सांगायला घेतला की त्याच्या मागून दुसरा येतो, दुसऱ्याच्या मागून तिसरा. प्रत्येकात कुणीतरी कुणालातरी फसवलेलं असतं आणि ऐकणारे पोट धरून हसतात. मीही हसतो. फक्त शेवटचा किस्सा आला की मला पाणी प्यायला उठावंसं वाटतं. आज उठत नाही.

नव्वदीची सुरुवात. भाईंदर पश्चिमेला आमची चार मजली बिल्डिंग, आणि दुसऱ्या-तिसऱ्या मजल्याच्या मधे जिना जिथे वळतो तिथे आमचा अड्डा. केबल नुकतीच आली होती. तिच्यावर परदेशी पहिलवानांच्या कुस्त्या लागायच्या, आणि च्युइंगगमच्या पाकिटात त्याच पहिलवानांचा एकेक पत्ता निघायचा. पत्त्यावर फोटो, खाली उंची, वजन, छाती, जिंकलेल्या कुस्त्या. ज्याची पाळी त्याने म्हणायचं, "उंची" किंवा "वजन". मग प्रत्येकाने हातातला एक पत्ता टाकायचा, आणि ज्याचा आकडा मोठा त्याने सगळे उचलायचे. एवढाच खेळ. यात लबाडीला जागा कुठे, असं तुम्हाला वाटेल. आम्हाला रोज नवीन सापडायची.

आम्ही चौघं. चौथ्या मजल्यावरचा परेश, त्याच्या वडिलांचं किराणा दुकान, म्हणजे पाकिटं घरचीच. मुर्धा गावातून शाळेला येणारा आणि शाळा सुटल्यावर आमच्याच जिन्यात बसणारा भालू. दुसऱ्या मजल्यावरचा मी. आणि तळमजल्यावरचा मिलिंद कांबळे. त्याला महिन्यातून एखादं पाकीट मिळायचं, पण त्यातल्याच एकात निघाला मुखवटेवाला. एक नंबरचा पहिलवान, वजन एकशे बहात्तर किलो. परेशने दुकानातली अख्खी बरणी रिकामी केली तरी त्याला तो मिळाला नाही. आम्हा तिघांना आयुष्यात दुसरं काही नको होतं, तो पत्ता हवा होता.

*

दोघांचा आकडा सारखा आला तर पत्ते कुणाचे? यावर पहिलं भांडण झालं. परेशने तिथल्या तिथे नियम काढला की ज्याचं घर वरच्या मजल्यावर, पत्ते त्याचे. तो चौथ्या मजल्यावर राहायचा आणि त्याच्या वर गच्ची होती. मिलिंदचं तर सगळंच संपलं.

भालू म्हणाला, "आमच्या घराच्या वर कोन न्हाय. नुसती कौलं हायत. मंग मीच सगल्यांच्या वर."

यावर परेशने पत्ते उचलले आणि तो घरी गेला.

*

मिलिंदचे पत्ते कमी, त्यामुळे त्याने ते इतक्या वेळा पाहिलेले की सगळे आकडे पाठ. त्याचे झाले, मग आमचेही झाले. कुणाच्या हातात कोण आहे हे त्याला आमच्यापेक्षा जास्त माहीत असायचं, आणि पाच पत्त्यांवर सुरुवात करून तो तासाभरात पंचवीसवर जायचा.

हे काही आम्हाला सहन होईना. आम्ही तिघांनी मीटिंग घेतली आणि ठरवलं की आकडे पाठ असणं म्हणजे चीटिंग. परेशने त्याला तसं सांगितलं, "यार, तू याद करके आता है, ये गलत है."

मिलिंदने विचारलं, विसरायचं कसं? आम्ही म्हटलं, ते तू बघ. तेव्हापासून त्याला पाळी आली तरी "उंची" आणि "वजन" म्हणायची बंदी झाली. तो फक्त "छाती" म्हणायचा, आणि तरी जिंकायचा.

*

आता माझं. माझ्याकडे एक टक्कल पडलेला पहिलवान होता, वजन एकशे तीस. एका दुपारी मी बॉलपेन घेऊन तिनाचा आठ केला. एकशे ऐंशी किलो! मुखवटेवाल्यापेक्षाही आठ किलो जास्त. छपाई काळी आणि पेन निळं, हे माझ्या लक्षात आलं नाही.

त्या दिवशी मी तो टाकला आणि सगळे पत्ते उचलले. परेश आणि भालूने आकडा बघितला आणि मान्य केला. मिलिंदने पत्ता हातात घेतला, उजेडात धरला आणि मला परत दिला.

घरी जाताना जिन्यात मला गाठून म्हणाला, "टकल्याला इतकं जेवायला घालत जाऊ नकोस."

मी शरमेने मेलो. तो पत्ता परत कधी काढणार नाही, अशी विद्येची शपथ घेतली. तो म्हणाला, शपथ कशाला, नाही म्हणालास ना, मग झालं. ही गोष्ट त्याने कुणालाही सांगितली नाही. मी त्याच्या जागी असतो तर संध्याकाळपर्यंत बिल्डिंगभर केली असती.

*

भालूने वेगळा मार्ग धरला. एका सकाळी त्याने घरातून सुक्या बोंबलांची पुडी आणली आणि मिलिंदच्या आईच्या हातात दिली. मुखवटेवाल्याच्या बदल्यात, हे सांगायला मात्र विसरला. दुपारी त्याने पत्ता मागितला तेव्हा बोंबील चुलीवर होते. मिलिंदने सांगितलं, पत्ता देणार नाही, बोंबील अर्धे राहिलेत ते घेऊन जा. पण घरून न विचारता आणलेली पुडी अर्धी होऊन परत नेणार कशी?

शेवटी भालू त्यांच्याकडे जेवायलाच बसला. मिलिंदची आई वाढताना संकोच करू नको म्हणाली, तर हा म्हणतो, "न्हाय, मी काय पाव्हना न्हाय. बोंबील माजंच हायत."

*

रोजची भांडणं ऐकून मिलिंदच्या वडिलांनी एकदा आम्हाला बोलावलं. ते सरकारी खात्यात कारकून होते. आवाज कधी चढवायचे नाहीत. म्हणाले, "आधी नियम लिहा, मग खेळा. लिहिलेलं कुणाच्या तोंडाकडे बघून बदलत नाही."

त्यांनी स्वतःच्या अक्षरात कॅलेंडरच्या पाठीवर नऊ नियम लिहून दिले. पहिला असा की डाव मांडण्याआधी खरं-खरं खेळायचं की खोटं-खोटं, हे मतं घेऊन ठरवावं. खरं-खरं म्हणजे जिंकलेले पत्ते कायमचे आपले, खोटं-खोटं म्हणजे उठताना ज्याचे त्याला परत. वरच्या मजल्याचा नियम रद्द. पाठांतराला परवानगी. शेवटचा असा की लहानांना लिंबूटिंबू म्हणून घ्यावं, म्हणजे त्यांनी खेळावं पण हार-जीत धरू नये. हा मिलिंदच्या धाकट्या बहिणीसाठी, सुजातासाठी. कागद आम्ही जिन्यातल्या मीटरच्या पेटीच्या दाराला आतून चिकटवला.

तीन दिवस आम्ही देवासारखे वागलो. चौथ्या दिवशी परेशने पेन काढलं. महिन्याभरात कागदावर इतक्या दुरुस्त्या झाल्या की मूळ नियम शोधायला मिलिंदच्या वडिलांना चष्मा पुसावा लागला. त्यांनी सगळं वाचलं, पेटीचं दार हळूच लावलं आणि ते कामावर गेले. पुन्हा त्यांनी आम्हाला काही सांगितलं नाही. तेव्हा आम्हाला वाटलं, सुटलो. आज वाटतं, त्या माणसाने आमची आशा सोडली होती, आणि त्याचं बरोबर होतं.

*

आणि मग त्यांची बदली झाली. नांदेडला.

रविवारी दुपारी टेम्पो आला. सामान चढत होतं आणि मिलिंद शेवटचा डाव खेळायला जिन्यात आला, सुजाता त्याच्या मागे. त्याने विचारलं, आज खोटं-खोटं खेळू या का? जाताना सगळ्यांचे पत्ते सगळ्यांकडे राहतील.

परेश म्हणाला, मतं घेऊ. नियम आहे.

खोटं-खोटंसाठी मिलिंदने हात वर केला. सुजातानेही केला. परेशने सांगितलं की लिंबूटिंबूचं मत धरत नाहीत. खरं-खरंसाठी आमचे तीन हात वर गेले. आम्ही आधी काहीच ठरवलं नव्हतं, आई शप्पथ. ठरवायची गरजच पडली नाही.

मिलिंद खेळायला बसला. तो पटापट जिंकत गेला आणि शेवटी त्याच्या हातात मुखवटेवाला धरून तीन पत्ते उरले, बाकी ढीग पुढ्यात. पाळी परेशची होती. तो म्हणाला, "वजन."

मिलिंदला आमचे सगळे आकडे पाठ होते. एकशे बहात्तरच्या वर कुणाकडे काही नाही, हे त्याला माहीत होतं. त्याने मुखवटेवाला टाकला. परेशने टाकला, भालूने टाकला. मी टकल्या टाकला.

भालू ओरडला, "एकशे ऐंशी!" परेशने माझ्या पाठीत थाप मारली.

मिलिंद पत्त्याकडे बघत होता. मग माझ्याकडे बघितलं. त्याने फक्त विचारलं, "नक्की?"

मी म्हणालो, "नक्की."

खालून त्याच्या आईने हाक मारली. त्याने मुखवटेवाला उचलला, शर्टाला पुसला आणि माझ्या हातात दिला.

"याचं वजन आहे तेवढंच राहू दे," तो म्हणाला. सुजाताचा हात धरला आणि जिना उतरून गेला. टेम्पो सुरू झाला होता.