गोदाक्काचा कोरडा खड्डा आणि आमचं मशीन

स्वातंत्र्याच्या आदल्या वर्षीचा उन्हाळा. शहापूरची आमची विणकर गल्ली, आणि गल्लीच्या टोकाला गोदाक्काच्या दारात भरलेली सभा...

हे आज आठवायचं कारण म्हणजे मागच्या पोस्टवर आलेली एक कॉमेंट. "आज्जी, तुमच्या काळात बायका मशीनला हात लावायच्या का हो?" लावायच्या! शंभरीला चार-पाच वर्षं कमी आहेत माझ्या, पण हे सांगायला तेवढी ताकद आहे अजून. मी बोलतेय, नातसून टाइप करतेय.

युद्ध संपलं होतं, पण सूत रेशनवरच मिळायचं. आमच्या गल्लीचं सूत वाटायचे गल्लीतले पंच, आणि त्यांनी ठरवून टाकलं होतं की ज्या घरात पुरुष नाही त्या मागाला सूत नाही. गल्लीच्या टोकाची गोदाक्का विधवा. नवऱ्यामागे स्वतः माग चालवणारी बाई... आणि तिचा माग कित्येक महिने नुसता उभा.

आधीच्या सभेत ती बोलायला उठली, तर पंचांतले थोरले आप्पा म्हणाले, "बस गं गोदा. बाईचा आवाज मागं पोचत न्हाय. तुझं काय हाय ते मी सांगतो." आणि सांगितलं काय? काहीही नाही. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

माझा थोरला भाऊ, अण्णा, युद्धात लष्कराच्या कँपातल्या वायरलेसच्या वर्कशॉपमध्ये कामाला होता. तिथल्या भंगारातून त्याने व्हॉल्व्ह, ट्रान्सफॉर्मर, एक माइक, एक फुटका कर्णा असं काय काय जमवलं होतं. त्यातून आम्ही दोघांनी अँप्लिफायर, म्हणजे आवाज मोठा करणारं मशीन, बनवलं. जोडणी त्याची, सोल्डरिंग माझं. तुटलेला धागा दिसेल न दिसेल असा सांधायची सवय होती ना बोटांना...

विजेचं काय करायचं यावर आमचं भांडण झालं. माझं म्हणणं, लॉरीची बॅटरी आणू, तिच्यावर कर्ण्यात घरघर येत नाही. पण गल्लीतली एकुलती एक लॉरी आप्पांच्या जावयाची! तो कशाला देतोय? मग आमच्या घरात नुकतीच आलेली लाइन वापरायचं ठरलं. घरातला एकच बल्ब काढला आणि त्या जागी मशीन जोडलं.

लाइनवर घेतल्याबरोबर कर्ण्यातून 'घूंऽऽ'! अण्णा म्हणाला, अर्थिंग पाहिजे. मी मशीनची तार जोडलेली तांब्याची पट्टी घेऊन सरळ आमच्या मागाच्या खड्ड्यात रोवली. विणणारा पाय सोडून बसतो ना, तो खड्डा. कोरड्या हवेत सूत तुटतं, म्हणून आम्ही त्यात रोज पाणी मारायचो. पट्टी त्या ओल्या मातीत गेली आणि घरघर बंद...

पुढच्या सभेच्या दिवशी मशीन गोदाक्काच्या घरात ठेवलं, कर्णा दारात. होती नव्हती ती सगळी तार आमच्या घरातून वीज आणण्यात संपली. म्हणून पट्टी तिच्याच मागाच्या खड्ड्यात रोवली, गोदाक्का माइकपुढे उभी राहिली, अण्णाने बटण दाबलं.

घूंऽऽऽऽ...

तिचं एक अक्षर ऐकू येईना. सगळी गल्ली हसायला लागली. आप्पा म्हणाले, "व्हय, लई पोचला की आवाज! बंद करा त्यो भुंगा."

अण्णाचा चेहरा उतरला. "सुमे, बंद करतो गं..."

"हात लावशील तर बघ!" म्हटलं, आणि पट्टी नीट बसली आहे का बघायला खड्ड्यात उतरले.

पायाखाली भुसभुशीत धूळ. आमच्या खड्ड्यात पाय टाकला की गार लागायचं, आणि इथे चुलीतल्या राखेसारखं कोरडं. बरोबरच होतं. सूत नाही तर माग नाही, आणि माग नाही तर खड्ड्यात पाणी कोण मारणार?

मी बाहेर येऊन ओरडले, "पाणी आणा गं!"

मागे दारादारांत उभ्या होत्या सगळ्या बायका. मग एक घागर आली. मग दुसरी, तिसरी. अण्णा आतून ओरडला, "मीठ बी टाका मूठभर!" तेही टाकलं.

घरघर हळूहळू खाली बसली. अगदी गेली नाही, पण गोदाक्काचा श्वास कर्ण्यातून ऐकू यायला लागला.

तिने आधी खड्ड्याकडे बघितलं. मग म्हणाली, "आप्पा, ह्या खड्ड्यात आज लई महिन्यांनी पानी पडलं. ज्याचा माग चालतोय त्याचा खड्डा वला असतोय. माझा वाळलाय. माग काय पुरुष बघून चालतोय व्हय? माझं हात हाईत न्हवं? सूत द्या मला."

शेवटच्या रांगेपर्यंत पोचलं. रस्त्यावरून जाणारे सुद्धा थांबले. आप्पा म्हणाले, "बंद करा आता मशीन." अण्णाने माझ्याकडे बघितलं. मी बटणापुढे जाऊन उभी राहिले. आणि मग काय, गोदाक्कामागून आणखी दोघी बोलल्या!

पुढच्या वाटपात गोदाक्काचं नाव पुकारलं गेलं. तिचं स्वतःचं, नवऱ्याचं नाही.

त्या मशीनचं कौतुक पुढे अण्णाच्या वाट्याला आलं, येऊ दे. मला आठवतात त्या घागरी. ऐन उन्हाळ्यात, विहिरीने तळ गाठलेला असताना, लांबून डोक्यावरून आणलेलं पिण्याचं पाणी होतं ते. त्या बायकांनी ते दुसरीच्या खड्ड्यात ओतलं आणि रिकाम्या घागरी घेऊन पुन्हा विहिरीकडे गेल्या...

बाईचा आवाज पोचत नाही, असं त्यानंतर माझ्यासमोर कोणी म्हणालेलं नाही. अजून कोणाला म्हणायचं असेल तर म्हणून बघा.