ठेव म्हणाली वहिनी

माझी आय, कोंडी, पोशेऱ्याची धवलेरी. म्हणजे गाणी म्हणून लग्न लावणारी बाई. तिने गाणं धरल्याशिवाय आमच्यात लग्न लागत नाही, नवरा कितीही शिकलेला असो. गाणं चुकलं तर नवरीलासुद्धा दटावायची. जीभ भारी तिखट!

मग तिच्या घशात गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, जीव वाचेल, आवाजाचं सांगता येत नाही. नाशिकला ऑपरेशनला जायच्या आधी योगितावहिनीने तिला ओट्यावर बसवून सगळी गाणी मोबाईलमध्ये घेतली. मोबाईल भरला तशी तिथून काढून लॅपटॉपवर टाकली. आय जगली. आवाज गेला. वहिनी लॅपटॉप लावून एकेक गाणं शिकायची. चुकलं की आय हातावर चापट मारायची.

पावसाळ्यात लॅपटॉप बंद पडला. वहिनी जव्हारला भावेशच्या दुकानात घेऊन गेली. तो म्हणाला, "डिस्क खराब आहे, दुसरी घालतो. जुनी ठेवू ना?"

"ठेव," म्हणाली वहिनी.

आमच्याकडे ठेव म्हणजे सांभाळ. शेजारणीने कोंबडी ठेवायला दिली तर तिचं कालवण करतं का कोणी? घरी आल्यावर लॅपटॉप सुरू झाला, पण आत एक गाणं नाही. परत गेलो तर भावेश म्हणतो, "तुम्हीच ठेव म्हणालात, मी ठेवली. विकली पण." खराब डिस्क विकत कोण घेतो रे मेल्या? चांगलीच होती ती!

मग आमच्या खेपा सुरू झाल्या. पोलीस म्हणाले, ही चोरी नाही, ग्राहक मंचात जा. मंच पालघरला. तिथे एक वकील भेटला, तो म्हणाला, आधी पोलिसांत लिहून द्या. जीपमध्ये बसून बसून माझी कंबर गेली. वहिनी तर बोलेनाशीच झाली. दिवाळीनंतर लग्नं सुरू होणार, आणि तिची अर्धीसुद्धा गाणी पाठ नव्हती.

शेवटी एक हवालदार तक्रार घ्यायला तयार झाला. मी वहिनीला आणि आयला घेऊन त्याच्यासमोर जाऊन बसले. माणूस वाईट नव्हता, कंटाळलेला होता, आमच्यासारखाच.

"या बाईने स्वतः ठेव म्हटलंय, म्हणजे संमती झाली," तो म्हणाला. "बरं, लिहून घेतो. डिस्कमध्ये काय होतं?"

"हिची, आयची गाणी," मी म्हणाले.

"कुठली? पहिल्यापासून सांगायला लावा त्यांना."

आयने डोक्यावर पदर घेतला. मांडवात बसायची तशी ताठ बसली, डोळे मिटले आणि गायला लागली. ओठ हलत होते, मान डोलत होती, मधेच ती वहिनीकडे बघून थांबायची, पुढचं कडवं तिने धरावं म्हणून. वहिनी पदर तोंडात धरून रडत होती.

हवालदाराची मान खाली, कागदावर. तो म्हणाला, "आजी, जरा मोठ्याने म्हणा, ऐकू येत नाही."

मी म्हणाले, "साहेब, तेच तर विकलं त्याने."