समेट झालेली चौसष्ट घरं

आमच्या कचेरीत तिला सगळे ‘चाळणी’ म्हणायचे. आरोग्याच्या आणि घरातली मारहाण थांबवण्याच्या योजना वस्त्यांमधून चालतात, त्यांचा खरंच उपयोग होतो का, हे तपासणं आमचं काम. कुणी अहवालात पाणी घातलं असेल तर तिच्या नजरेतून सुटायचं नाही. मी सहा वर्षं तिच्या शेजारच्या टेबलावर बसलो आणि सहाही वर्षं तिला थोडा टरकूनच होतो.

एकदा एका समुपदेशन केंद्राची फाइल तिच्याकडे आली. पहिलं पान उघडलं आणि तिचा चेहराच उतरला. डबा खाताना तिनं मला सांगितलं.

तिच्या धाकट्या बहिणीला नवरा मारायचा. धाकटी मदत मागायला याच केंद्रात गेली. तिथल्या प्रमुखानं नवरा-बायकोला समोरासमोर बसवलं, कागदावर दोघांच्या सह्या घेतल्या आणि रजिस्टरात लिहिलं, ‘समेट’. अकराव्या दिवशी नवऱ्यानं तिचं डोकं दाराच्या चौकटीवर आपटलं. डावा कान कायमचा गेला. चाळणी जाब विचारायला गेली, तर प्रमुख मान वर न करता म्हणाला, “आमच्याकडे केस बंद झालीय, बाई.” नवऱ्यानं पोलिसांना तोच समेटाचा कागद दाखवला, तक्रार बारगळली. तेव्हापासून धाकटी चाळणीकडेच राहते.

“आता सापडलाय तावडीत,” ती डब्याचं झाकण दाबत म्हणाली. “असा सोलते त्याला की बघत राहशील.”

“बहिणीचं आधी मॅडमना सांग,” मी म्हणालो. “नंतर कळलं तर तूच अडकशील.”

तिनं लेखी सांगितलं. काम काढून घेतील असं मला वाटलं होतं. आमच्या विभागप्रमुख मॅडमनी कागद दोनदा वाचला. “तुझ्याइतकं बारीक कुणी बघणार नाही. काम तूच कर. पण तुझ्या दर चौथ्या घरी हा पुन्हा जाईल,” असं म्हणून त्यांनी माझ्याकडे बोट केलं.

यादीत समेट झालेली पासष्ट घरं होती. धाकटीचं तिनं स्वतःच खोडलं. उरलेल्या चौसष्ट घरी ती गेली. सोबत केंद्राचीच एक नर्स असायची. नर्स बाहेरच्या खोलीत नवऱ्याचं बीपी बघत त्याला बोलण्यात गुंतवायची आणि तेवढ्यात चाळणी आत ओट्यापाशी उभी राहून बायकोला हळूच विचारायची, “समेटानंतर हात उगारलाय का त्यानं?” कुणी रडायचं, कुणी न बोलता बाही वर करायचं. ती परत यायची तेव्हा तिचे डोळे लकाकत असायचे. ते बघून मला बरं वाटायचं नाही.

एकोणचाळीस घरांत मार चालूच होता.

पण उरलेली पंचवीस घरंही होती. त्यातली बहुतेक एकाच वस्तीतली, आणि त्या वस्तीत समेटानंतरही नर्स दर आठवड्याला घरी जात होत्या. तिथं मार खरोखर थांबला होता. ही भेटींची कल्पना कुणाची, म्हणून चौकशी केली, तर त्या प्रमुखाचीच!

“हे पान मी लिहिणार नाही,” ती म्हणाली.

“मग मला लिहावं लागेल.”

संध्याकाळी तिनंच ते पान टाइप केलं, कीबोर्ड फुटेल की काय अशा जोरानं.

अहवालाच्या बैठकीला अधिकारी होते, प्रमुखही होता, कडक इस्त्रीच्या शर्टात. चाळणीनं आकडे वाचले, एका लयीत, आवाज न चढवता. प्रमुख उठला. “साहेब, या बाईंच्या मनात माझ्याबद्दल आकस आहे. यांच्या बहिणीची केस आमच्याकडे होती.”

“आहे ना आकस,” ती म्हणाली. “पहिल्याच पानावर लिहिलाय. आकस आहे म्हणूनच एकही घर सोडलं नाही. बहिणीचं घर मी धरलेलं नाही. धरलं तर चाळीस होतात. धरू?”

तो खाली बसला. मॅडमनी माझी फेरतपासणी पुढे सरकवली. ती तंतोतंत जुळत होती. मग त्यांनी नर्सच्या भेटींचं पान वाचलं. त्यात प्रमुखाचं श्रेय होतं. चाळणी दात आवळून ऐकत राहिली.

महिन्याभरात प्रमुखाला काढलं. नर्सच्या भेटी सगळ्या वस्त्यांत सुरू झाल्या. तो सामान घेऊन निघाला त्या दिवशी चाळणी केंद्रासमोरच्या फुटपाथवर जाऊन उभी राहिली. त्यानं तिला पाहिलं. त्यानं नजर वळवेपर्यंत ती हलली नाही.

“बरं वाटलं?” मी विचारलं.

“फार बरं वाटलं. लोक म्हणतात वाटत नाही म्हणून. मला वाटलं.”

घरी जाऊन तिनं धाकटीला सगळं रंगवून सांगितलं. धाकटीनं उजवा कान पुढे करून ऐकून घेतलं आणि विचारलं, “ते ठीक आहे गं ताई. पण मला मारलं ते त्या प्रमुखानं नाही. ज्यानं मारलं, त्याचं काय?”

हे तिनं मला स्वतः सांगितलं, दुसऱ्या दिवशी सकाळी. सांगता सांगता ती रजेचा अर्ज भरत होती. कारणाच्या रकान्यात तिनं एकच शब्द लिहिला: वकील.