अप्पांच्या बैलाचं डोकं

हे मी घरातसुद्धा कधी बोललो नाही. गोष्ट तशी किड्यांची आहे — आणि किड्यांची कबुली कोण ऐकून घेणार?

नांदेडच्या एका कॉलेजात मी प्राणिशास्त्र शिकवतो. संग्रहालयातले सांगाडे साफ करायला आम्ही पेटीत भुंगेरे पाळतो. हाडाला चिकटलेलं मांस ते खाऊन टाकतात, हाडावर ओरखडाही येत नाही. नियम एकच — आत जाणारी वस्तू आधी फ्रीजरमध्ये गोठवायची. नाहीतर तिच्यासोबत माइट नावाचे बारीक किडे येतात. पीठ सांडल्यासारखे दिसतात, आणि सगळे भुंगेरे संपवतात.

देवणीचे बसवअप्पा माझ्या ओळखीचे. त्यांचा देवणी जातीचा बैल म्हातारा होऊन गेला. अप्पा त्याला शेतात पुरणार होते. डोकं संग्रहालयाला द्या, अशी गळ मीच घातली. ते कबूल झाले, पण पोळ्याला येऊन हार घालणार म्हणाले.

डोकं मी नीट गोठवलं. तेवढ्यात रस्त्यावर मेलेलं एक मुंगूस मिळालं. फ्रीजर बैलाच्या डोक्यानं भरलेला. मग? मुंगूस तसंच पेटीत टाकलं. आळस म्हणा, हौस म्हणा. पुढे बैलाचं डोकं आत ठेवलं, तेव्हा भुंगेऱ्यांच्या पाठीवर पीठ दिसायला लागलं होतं. पोळ्यापर्यंत एकही भुंगेरा उरला नाही.

अप्पा हार घेऊन आले. डोकं अर्धवट, वास मारणारं. सोबत प्राचार्यही उभे — आता काय सांगायचं? मुंगसाचं?

मी म्हणालो, बैलाच्या अंगावर किडे होते, तेच पेटीत आले.

गोठवलेल्या डोक्यातून जिवंत काही येत नाही, हे तिथे फक्त मला माहीत होतं.

अप्पांच्या गोठ्यात गोचीड सापडायची नाही, असं अख्खं देवणी सांगतं. ते डोक्यापाशी वाकले.

"रोज खरारा करत होतो, सर. आता डोळ्याला कमी दिसायलंय. राह्यलं आसंल." मग मलाच हात जोडले. "तुमचं लई नुकसान झालं."

लाज वाटली मला. तरी मी "असू द्या" म्हणालो — मोठ्या मनानं.

नंतर डोकं पाण्यात उकळून साफ केलं. आता ते काचेच्या कपाटात आहे. अप्पा दर पोळ्याला येतात. कपाट उघडायला लावतात, हार बाजूला ठेवतात आणि आधी धोतराच्या सोग्यानं शिंगांच्या बुडाशी पुसत राहतात — डोळे अगदी जवळ नेऊन, शोधत. मी किल्ली घेऊन शेजारी उभा असतो.