सोंडेनं न ओढलेला कापूस

भूत पाहिलं म्हणणाऱ्याला मी आयुष्यभर एकच विचारत आले – रात्री जेवायला काय होतं? वांग्याची भाजी निघाली की विषय तिथंच संपवायचा. आज मीच तुमच्या सदराला लिहायला बसले आहे आणि सकाळपासून नुसता चहा झालाय, तेव्हा तो प्रश्न मला विचारू नका.

ठिकाण – तळेगाव श्यामजी पंतच्या बाहेर, रस्त्याला लागून असलेलं एक कापसाचं जिनिंग. काळ सत्तरचं दशक सरून ऐंशीचं लागायच्या बेताचा. मी विशीतली, सातवी पास, आणि ते समोरच्याला सांगितल्याशिवाय पाणी न पिणारी. आमचं भाजीपाल्याचं वावर होतं. हिवाळ्यात मेथी-वांगी बाजाराला लागली की आम्ही दोघी जावा जिनात कामाला जायचो.

आधी बायका टोपल्यांनी कापूस रेच्यांपर्यंत न्यायच्या. रेचे म्हणजे रुईपासून सरकी वेगळी करणारी यंत्रं. त्या हंगामात मालकानं हवेनं कापूस ओढणारा पाइप बसवला. आत भला मोठा पंखा, बाहेर घागरीएवढं तोंड. कापसाच्या गंजीला, म्हणजे ढिगाला, लावलं की कापूस फस्सकन आत! बायकांनी नाव ठेवलं – सोंड. दुसरं एक बारकं नळकांडं होतं, त्यातून हवा जोरात बाहेर यायची. सुटी झाली की त्याच्यापुढं उभं राहून लुगड्यावरची, केसांतली रुई उडवून घ्यायची. नाहीतर घरी जाताना आम्ही सगळ्या म्हाताऱ्या दिसायचो. मी आता दिसते तशाच, फक्त तेव्हा पांढरेपण हवेनं निघायचं.

सोंड धरायला कुणी तयार नव्हतं. एकीचा पदर तिनं ओढून नेला होता, तो रेच्यापाशी चिंध्या होऊन निघाला. मी मात्र पुढं. "मले समजते मशीन," असं मुकादमाला ठणकावून सांगितलं. काय समजत होतं, देव जाणे… घरी कंदिलाची वात सरळ कापता येत नव्हती.

माझी थोरली जाऊ शेवंताबाई. दोन लेकरं जाऊन, फार वर्षांनी तिला मुलगी झाली होती – बेबी. अजून बसायलाही लागली नव्हती. तिची झोळी आवारातल्या कडुनिंबाला टांगलेली असायची. त्या दुपारी गार वारा सुटला म्हणून बाईनं तिला झोळीतून काढलं आणि गंजीच्या मागच्या अंगाला, उन्हाच्या बाजूला, कापसात खळगा करून निजवलं. लेकुरवाळ्या सगळ्याच तसं करायच्या, कापसासारखी ऊब कुठं मिळणार? मग ती सरकीच्या कामाला गेली. मी गंजीच्या पुढून सोंड लावलेली… मला यातलं काही ठाऊक नव्हतं. तुम्हाला आधीच सांगून टाकते, कारण गुपित ठेवणं मला जमत नाही. आमच्या घरात कुणाला दिवस गेले की गावाला ते माझ्याकडूनच कळायचं.

सोंड खालचा कापूस खात जाते तसा वरचा घसरतो. तसाच घसरला. दोन्ही अंगांनी गंजी बसली, मागचा खळगा बुजून गेला. मला दिसलं ते एवढंच की गंजी बसली. मी पुढं सरकून सोंड लावली.

कापूस हलेना.

पंखा तर घोंघावत होता. सोंडेच्या तोंडावर तळहात धरला, तर हात चिकटून बसला, मोठ्या मुश्किलीनं सोडवला. सोंड जरा डावीकडे नेली – फस्सकन! पुन्हा त्याच जागी आणली – एक पुंजका जागचा हलला नाही. मी पाइपाला शिव्या घातल्या. लाथही मारली. पाइपाला काही झालं नाही, मी अंगठा धरून नाचले.

फिटर गफूरभाई हसत आला. "काय वं कुसुम, थकली का तुही सोंड?"

"इथं ओढत नाई, भाऊ."

"इथं म्हंजे? हवेले जागा समजते काय?"

त्यानं स्वतः लावून पाहिली. डावीकडे ओढते, उजवीकडे ओढते, मधे नाही. त्यानं पाइपाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "तू काही केलं काय?"

"मी काय करू? सातवी पास आहो मी!"

"मंग सांग ना, सातवीत काय शिकवलं ते." मग एक पुंजका चिमटीत धरून म्हणाला, "ओला असन कापूस. पाणी मारून आणला असन कोणी. पाह्य बरं."

मी कोपरापर्यंत हात खुपसला. कापूस कोरडा, कुरकुरीत. पण आत गरम. ओला कापूस आतून तापतो हे मला ठाऊक होतं, कोरडा काऊन तापला? हात आणखी खाली नेला… आणि बोटांना बोटं लागली. बारकी, पायाची. त्यातलं एक हललं.

मी हात तसाच आत धरून ठेवला. गफूरभाईनं माझं तोंड पाहिलं, धावत जाऊन पंखा बंद केला, आणि आम्ही दोघं हातांनी कापूस उपसायला लागलो. आवाज थांबला तशी शेवंताबाई धावत आली. तोवर बेबी माझ्या हातात होती. ती झोपेतच होती! तिनं जांभई दिली.

बाई लेकीला घेऊन मटकन खाली बसली. पुन्हा पुन्हा एकच विचारत होती, "मशीन काऊन बंद केली वं? काऊन बंद केली?" मी काय सांगू? बंद तर नंतर केली होती…

आणि बेबीचा चेहरा. आमच्या तिथं रुई सगळ्यांच्या पापण्यांना चिकटायची, गफूरभाईच्या मिशा तर सणासुदीलाही पांढऱ्या. पोर कापसाखालून निघाली, पण नाकपुडीत एक तंतू नाही, पापणीवर नाही, झबल्यावर नाही. जणू कुणी नुकतीच बारक्या नळकांड्यापुढं धरली होती.

पुन्हा पंखा चालू केला. तीच जागा, तोच कापूस. क्षणात गायब.

दुसऱ्या दिवशी गफूरभाईनं अख्खा पाइप उघडला. कुठं बोळा अडकलेला नाही, भोक नाही. त्याची झोप उडाली होती. आमच्या वावरातला एक भोपळा मागून नेला, त्याला झबल्यासारखं फडकं गुंडाळलं, कापसात पुरला आणि वर सोंड धरली. सोंडेनं कापूस ओढला, फडकं ओढलं आणि भोपळा लख्ख करून ठेवला. तो भोपळा कुणी खाल्ला नाही. शेवंताबाई तर त्या बाजूला पाहीना.

सासूबाई म्हणाल्या, देवी होती. आमचे हे म्हणाले, करंट कमी झाला असेल. इंजिनिअर पुतण्या हवेच्या दाबाचं चित्र काढून समजावतो. त्याला मी भोपळ्याचं विचारते, मग तो चहा मागतो. मला देवी पटत नाही आणि चित्रही पटत नाही. काय पटतं, ते इतक्या वर्षांत कळलं नाही.

मुलाच्या घरी वर्ध्याला आता व्हॅक्यूम क्लीनर आहे. नातू पलंगाखाली नळी घालायला निघाला की मी त्याला थांबवते, खाली वाकते आणि आधी हात घालते.

"आजी, काय शोधून राह्यली?"

"तुही बेबी आत्या."

तो खो खो हसतो. बेबी आत्या आता एवढी अंगानं भरली आहे की दारातून आडवी होऊन आत येते. मी मात्र हात सगळ्या कोपऱ्यांत फिरवून आणते. मग म्हणते, "हं, लाव आता."