कोपऱ्यावरचं उघडं चेंबर

महापालिकेत एक अर्ज करून बघा. काम होवो न होवो, किस्से हमखास मिळतात! नाशिकरोडला आमच्या कोपऱ्यावरच्या गटाराच्या एका उघड्या चेंबरपायी आम्हा तिघांकडे इतके साठलेत, की चहाला बसलं की कुणीतरी म्हणतंच, "तो फांदीवाला सांग ना." ऐकणारे हसतात. सांगताना माझं डोकं मात्र अजून तापतं.

तिघं म्हणजे मी, मेडिकलच्या काउंटरवर असतो. इम्रान मामाच्या शेडमध्ये वेल्डिंग करतो. आणि कल्याणी, लॉच्या शेवटच्या वर्षाला. कल्याणीची आई, म्हणजे आमच्या काकू, समोरच्या शाळेत पोरांची खिचडी शिजवायच्या. एका सकाळी कामाला निघाल्या आणि साचलेल्या पाण्याखालचं चेंबर त्यांना दिसलं नाही. मांडीचं हाड मोडलं, रॉड टाकला, वॉकर आला. काही महिन्यांनी डॉक्टर म्हणाले, "आता बिनधास्त चाला." काकू म्हणाल्या, "त्याच्यावर झाकण पडेपर्यंत मी गेटबाहेर पाय टाकणार नाही. पुन्हा पडले तर उठायची नाही मी."

त्यात शाळेचा निरोप आला: महिनाअखेरपर्यंत कामावर या, नाहीतर दुसरी बाई बघतो.

*

पहिली तक्रार कल्याणीनं ॲपवर केली. चौथ्या दिवशी उत्तर! "तक्रारीचे निराकरण झाले आहे." सोबत नव्याकोऱ्या झाकणाचा फोटो. आम्ही धावत कोपऱ्यावर गेलो, तर चेंबर तसंच आ वासून.

कल्याणीनं फोटो मोठा करून पाहिला. मागे पैठणीच्या दुकानाची भलीमोठी पाटी. आमच्या कोपऱ्यावर एक पंक्चरवाला आणि एक पिठाची गिरणी, बस्स. तिनं विभागीय कार्यालयात फोन लावला. "सर, फोटोत पैठणीचं दुकान आहे. इथे कुठाय पैठणी?"

पलीकडून शांतपणे उत्तर आलं, "मॅडम, तुम्ही झाकण बघा ना. दुकान कशाला बघता?"

*

तोवर निदान लोकांना कळावं म्हणून सगळे करतात तेच आम्ही केलं. एक मोठी फांदी आणून चेंबरमध्ये उभी खोवली, तिला लाल फडकं बांधलं.

दुसऱ्याच दिवशी महापालिकेचा एक कर्मचारी हजर. आम्ही म्हटलं, घेतली बाबा दखल! तो फांदीभोवती फिरला, वाकून चेंबरमध्येही बघितलं आणि विचारलं, "ही फांदी कोणी तोडली? परवानगी हाय का?"

"वाऱ्यानं पडलेली उचलली," इम्रान म्हणाला.

"मग पडल्याचा पंचनामा कुठंय?"

कल्याणी एवढी कधी चिडत नाही. "माझी आई इथेच पडली होती. तिचा पंचनामा करायला का नाही आलात?"

"ताई, आमच्याकडं फक्त झाडं येतात," असं म्हणून तो फांदी उचलून घेऊन गेला. चेंबर होतं तिथेच राहिलं.

*

मग इम्रान पेटला. भंगारातली जाड प्लेट घेतली, खालून अँगल मारले, दोन रविवार घालवून असं झाकण केलं की वरून ट्रक गेला असता. आम्ही ते बसवलं, आणि काकूंनी खिडकीतून बघून विचारलं, "हलत नाही ना रे?" इम्रान त्यावर उड्या मारून दाखवत होता.

तिसऱ्या दिवशी टेम्पो आला आणि दोन माणसं झाकण उचलायला लागली. मी आडवा पडायचाच बाकी होतो. त्यातला एक म्हणाला, "दादा, आमाला नका बोलू. वरून ऑर्डर हाय."

दुसऱ्या दिवशी आम्ही थेट विभागीय कार्यालयात, इंजिनिअरसमोर. ते म्हणाले, "झाकण अनधिकृत आहे. मंजूर मापाचं नाही."

इम्राननं विचारलं, "आणि माणसं पडतात ती मंजूर मापानं पडतात का, सर?"

ते फाइल वाचू लागले. बाहेर पडताना पाहिलं, तर पाण्याचा जार आमच्याच झाकणावर ठेवलेला. खाली चार विटा, वर झाकण, त्यावर जार. टेबल झकास झालं होतं. मला तर रडायलाच आलं.

*

महिना संपायला चार दिवस उरले. त्याच आठवड्यात देवळाली कॅम्पकडे जाणाऱ्या मेन रोडवरून कोणी बडे साहेब जाणार होते. एका दिवसात तिथले खड्डे बुजले, दुभाजक रंगले, प्रत्येक चेंबरला झाकण! आमचा कोपरा तिथून शंभर पावलं आत, म्हणून तो राहिला.

कल्याणी ते सगळं बघून आली आणि म्हणाली, "फ्लेक्स करायचा."

संध्याकाळी फ्लेक्स लागला: "मा. साहेबांचे आमच्या कोपऱ्यावर हार्दिक स्वागत!" नाव नाही, फोटो नाही, तारीख नाही. झाकणाला परवानगी मागणाऱ्या या शहरात फ्लेक्सची परवानगी कोणी विचारली नाही. आणि कुठले साहेब, हे विचारायची तर एकाचीही हिंमत झाली नाही!

सकाळी आठला झाकण बसलेलं. मंजूर मापाचं. दोन्ही बाजूंना चुन्याच्या फक्कीच्या पांढऱ्या रेघा. नऊ वाजता इंजिनिअर स्वतः इस्त्रीच्या शर्टात, हातात गुलाबांचा गुच्छ घेऊन उभे. त्यांनी कल्याणीला हळूच विचारलं, "साहेब किती वाजेपर्यंत येतील?"

"निघालेत," कल्याणी म्हणाली.

तेवढ्यात गेट वाजलं. काकू बाहेर आल्या. झाकणाशी थांबल्या, आधी वॉकरनं दोनदा दाबून पाहिलं, मग एक पाय ठेवला, मग दुसरा.

काकू झाकण ओलांडून नेमक्या इंजिनिअरच्या पुढ्यात आल्या. त्यांनी गुच्छाकडे पाहिलं, त्यांच्या हातातून तो घेतला आणि वॉकरच्या दांडीला नीट अडकवला.

"एवढं कशाला हो आणलंत," त्या म्हणाल्या, "पण फार उशीर केलात तुम्ही." आणि शाळेच्या दिशेनं चालू लागल्या.